चौघांची ओव्हरस्पीड टेस्ट

आमच्या शेजारचे बापूसाहेब गद्रे खुर्चीवर थेट कधी बसत नसत. आधी ती दोन्ही हातांनी दाबायची, मग अर्धं वजन टाकायचं, शेवटी धपकन आपटायचं, आणि तिने 'लोड घेतला' की मगच चहा मागायचा. आमची एक वेताची खुर्ची या परीक्षेत कामी आली. "माझ्याखाली मोडली म्हणून बरं, पाहुण्यांखाली मोडली असती तर?" एवढंच ते म्हणाले.

बेंगळुरात मल्लेश्वरमला आमची भिंत एक आणि नोकरीही एकाच सरकारी कारखान्यात. मी ड्रॉइंग सेक्शनला, ते विजेच्या मोटारी तपासायच्या खात्यात. तिथे प्रत्येक मोटार ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवून बघतात. टिकली तर पास. याला म्हणायचं ओव्हरस्पीड टेस्ट. इतर माणसं असल्या गोष्टी कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी येतात, गद्रे त्या जेवणाच्या डब्याबरोबर घेऊन येत. नवी छत्री ते टेबलफॅनसमोर उघडून बघत. कशाचीही स्तुती झाली की त्यांचा शेरा ठरलेला, "पाटीवर दहा हॉर्सपॉवर, देणार तीन." लालबागचं फुलांचं प्रदर्शन, कोपऱ्यावरचा मसाला डोसा आणि माझं प्रमोशन, तिघांनाही तीनच हॉर्सपॉवर मिळाली.

घरात ते आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी नलू, दोघंच. वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून भिंतीपलीकडून "जेवलीस?" आणि "हो" यापलीकडे काही ऐकू येत नसे. माझ्या बायकोला त्याची फार काळजी वाटे.

मग एकदा नलूने विलायतेतल्या त्या चौघांची रेकॉर्ड आणली. कपाळावर झिपऱ्या, गळ्यात गिटारी, आणि सगळं जग त्यांच्यापायी वेडं झालेलं. एवढी मोठी पाटी बघून गद्र्यांचे हात शिवशिवणारच. रविवारी सकाळी त्यांनी मला साक्षीला बोलावलं, रेकॉर्ड लावली आणि रेकॉर्डप्लेअरचा वेगाचा खटका पंचेचाळीसवरून सरळ अठ्ठ्याहत्तरवर नेला. चौघेही पिंजऱ्यात सापडलेल्या उंदरांसारखे किंचाळू लागले.

"फुटले," गद्रे म्हणाले. "नापास."

नलू उसळली. गाणं म्हणजे काय मोटार आहे, असं तिने विचारलं. चांगल्या मालाला वेगाची भीती नसते, असं गद्र्यांचं म्हणणं. मग तुमच्या नाट्यगीतांच्या तबकड्या पळवून दाखवा, ती म्हणाली. त्या मुळातच अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे जन्मतःच पास, असा गद्र्यांनी निकाल दिला.

मग हे दर रविवारी सुरू झालं. आवाज चढत गेले. एकदा तर नलू म्हणाली की मी आता हॉस्टेलवर राहायला जाते. ते ऐकता ऐकता इकडे आमची फोडणी करपली. माझी बायको जुन्या बेंगळुरी मराठी घरातली. "जाऊन स्वल्प समजवा की हो त्यांना," ती म्हणाली. "पोरगी गेली तर एकटे काय करणार?"

शनिवारी कारखाना अर्धा दिवस असे. दुपारी मी गेलो तर दार नुसतंच लोटलेलं. आत तेच चौघे गात होते, पण अगदी शांतपणे, पंचेचाळीसवर. गद्रे डोळे मिटून बसले होते आणि पायाने ताल धरला होता. शब्दसुद्धा पुटपुटत होते, बरेचसे चुकीचे.

मला बघून ते चोरी पकडल्यासारखे उठले.

"चांगलं गातात हो," ते म्हणाले.

"मग दर रविवारी हे कशासाठी?"

"दोन वर्षं पोरगी माझ्याशी हो-नाहीवर होती. मला बोलायला येत नाही, तपासायला येतं. त्या दिवशी यांना नापास केलं आणि ती पाऊण तास बोलली. भांडताना हात अगदी तिच्या आईसारखे करते." त्यांनी रेकॉर्डवरची सुई उचलली. "हॉस्टेलचं म्हणते तेव्हा भीती वाटते. पण पास केलं तर पुन्हा गप्प बसेल हो ती."

समजूत घालायला म्हणून गेलो होतो, ते विसरून मी समोरच्या खुर्चीत बसलो.

फाटक वाजलं. गद्र्यांनी घाईघाईने रेकॉर्ड उचलली. नलू आत आली, रेकॉर्ड त्यांच्या हातात बघून तिथेच थबकली, आणि माझ्याकडे वळली.

"काका, आता तुम्हीच सांगा. खरंच एवढे टाकाऊ आहेत का ते?"

मला ते गाणं आवडलं होतं. अजूनही आवडतं. मी गद्र्यांकडे पाहिलं. ते कॅलेंडरवरच्या तारखा वाचत होते.

"लोकांनी उगाच डोक्यावर घेतलंय त्यांना," मी म्हणालो.

नलूने वह्या टेबलावर टाकल्या, खुर्ची ओढली आणि आम्हा दोघांच्या मधोमध बसून अगदी पहिल्यापासून समजावून सांगायला लागली. गद्रे तिच्या हातांकडे बघत राहिले.