चारी कोपरे

शेषेरावमामांना भिंतीवर चिकटवलेला कागद दिसला की ते थांबत. कागद कसला, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसे. सिनेमाचं पोस्टर, मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात, हरवलेल्या म्हशीचं वर्णन, काहीही चाले. ते चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवत आणि एखादा कोपरा सुटलेला निघाला तर, "कुण्या येड्यानं डकवलं हे?" असं म्हणून खिशातून एक डबी काढत. बाकीच्या म्हाताऱ्यांच्या खिशात तंबाखू असते. मामांच्या खिशात पिठाची खळ असे.

लातूरला मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मूळची मी नांदेडची, आई तिकडंच. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली म्हणून इकडं आले. मामा एकटेच असत. लातूर वेगळा जिल्हा होण्याआधीच्या, जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत जन्मभर शिपाई होते आणि जन्मभर एकच काम केलं, नोटिसा डकवायचं. नोटिशीला ते इश्तेहार म्हणत. निजामाच्या वेळच्या एका मुन्शीनं त्यांना हा हुन्नर शिकवला होता. "डकवणं म्हंजी थुंकी लावून टिकीट चिकटवणं न्हाई," ते मला सांगत. "चारी कोपरे बसले तर इश्तेहार, न्हाई तर रद्दी."

दुसरी खोड म्हणजे, त्यांना काहीही सांगायला जा, आधी उत्तर ठरलेलं, "तोंडी नको. लेखी द्या." दूधवाला म्हणाला, उद्या उशीर होईल, तरी लेखी दे. एकदा मी खिडकीतून ओरडले, "मामा, डाळ करपून राहिली तुमची!" तर "लेखी..." एवढं तोंडातून गेल्यावर मग ते चुलीकडं पळाले.

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. टँकर आला की गल्लीत भांडणं लागायची. अशा दिवसांत मामा मूठभर ज्वारीचं पीठ घेऊन खळ शिजवत बसत. समोरच्या काकू चिडून म्हणायच्या, "माणसाला भाकर न्हाई आन ह्यो भिंतीला जेवू घालून राहिला."

त्याच दुष्काळानं माझ्याकडं नील्सला आणलं. तो डेन्मार्कचा. कोणत्या गावात बोअर घेतली तर पाणी लागेल हे सांगायला आला होता. रेणापूर, जळकोट, कुठून कुठून पाण्याच्या बाटल्या भरून आणायचा आणि प्रत्येकीवर गावाचं नाव वेड्यावाकड्या देवनागरीत लिहायचा. एक दिवस एका बाटलीवर गावाच्या जागी माझंच नाव होतं. यात मी काय तपासू, असं विचारलं तर म्हणाला, "क्षार किती आहेत ते बघा." माणूस दिसतो तितका साधा नाही, हे मला तेव्हा कळलं.

लग्न कायद्यानं करायचं ठरलं. आई म्हणाली, "आधी कागद पक्का कर, मग घरी बुद्धवंदना घेऊ." नील्सनं वहीत लग्नाचा आराखडा काढला. त्यात चारच ओळी होत्या. कागदपत्रं, नोटीस, तीस दिवस, लग्न. बोअरचा आराखडा काढावा तसा, खाली दगड लागेल याची सोय न करता. एक गोष्ट मात्र त्यानं लाल शाईनं लिहिली होती. त्याचा राहण्याचा परवाना संपायची तारीख. काम संपलं होतं, परवाना पुढं वाढणार नव्हता आणि एकदा गेला की परत कधी येऊ देतील हे कुणीच सांगत नव्हतं. लग्न त्या तारखेच्या आत झालं तर झालं. मी वरवर हसत होते, पण त्या लाल तारखेला किती दिवस उरले ते रोज बोटांवर मोजायचे.

त्याच्या देशातून दाखला आला. त्यात लिहिलं होतं, यांच्या विवाहास आमच्या नोंदीनुसार अडथळा नाही. विवाह कचेरीतले कारकून म्हणाले, "पण अविवाहित आहेत असं कुठं म्हटलंय?" पुन्हा पत्र, पुन्हा वाट. मग माझं रेशनकार्ड. त्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव, कारण ते काढलं तेव्हा लातूर जिल्हा व्हायचा होता. कारकुनांच्या हिशेबानं मी दुसऱ्याच जिल्ह्यात राहत होते. मी हताश होऊन घरी आले तर मामांनी चष्मा लावला आणि स्वतः अर्ज लिहिला. "अर्जदार जागची हललेली नाही. जिल्हा हलला आहे. सबब अर्ज मंजूर व्हावा." मंजूर झाला!

नोटीस निघाली तेव्हा परवान्याचे चौतीस दिवस उरले होते. तिथल्या शिपायाच्या हातातून मामांनी ती अक्षरशः काढून घेतली. जिल्हा नवा, कचेरी भाड्याच्या घरात, नोटीस बोर्डाला काचेची पेटी अजून यायची होती. व्हरांड्यात नुसताच उघडा फळा. मामांनी तो ओल्या फडक्यानं पुसला, खळ लावली आणि कागद असा बसवला की सुरकुती शोधून सापडू नये. मग चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवून म्हणाले, "आता वादळ येऊ दे."

वादळ आलं नाही. अकराव्या दिवशी मामा धावत प्रयोगशाळेत आले. डोक्यावर टोपी नाही, पायात एकच चप्पल. मला वाटलं, कुणी गेलं.

"पोरी," ते धापा टाकत म्हणाले, "तुझं लगीन शेळीनं खाल्लं!"

रानात चारा नव्हता. मामांच्या ज्वारीच्या खळीचा वास तिला लागला आणि रोज कोपरे तपासायला येणारे मामा चहाला गेले तेवढ्यात तिनं काम उरकलं. पुन्हा पहिल्यापासून तीस दिवस मोजले तर तारीख टळत होती. नील्सनं वही उघडली, मोजलं आणि वही मिटली. मी बाटल्यांच्या खोक्यावर बसून सगळ्यांदेखत रडले. माझं लग्न मोडलं आणि तेही एका शेळीमुळं, हे आईला कसं सांगायचं तेच कळेना.

मामा मात्र उठले. "रडणं तोंडी असतंय," म्हणाले. "लेखी काय करायचं ते मी करतो."

त्यांनी पंचनामा केला. पानटपरीवाल्याच्या आणि शिंप्याच्या सह्या, शेळीच्या मालकिणीचा अंगठा, सोबत शेळीच्या तोंडातून ओढून काढलेला शिक्क्याचा तुकडा. विवाह अधिकारी मोठ्यानं वाचू लागले. "शेळी रंगाने काळी, उजवा कान अर्धा तुटलेला. तिने सदर इश्तेहार खळीच्या लोभाने, कोणाच्याही चिथावणीशिवाय भक्षण केला. त्या वेळी बोर्डाजवळ अंदाजे पाव तास कोणी हजर नव्हते. शेळीस या विवाहाबाबत हरकत असल्याचे आढळून आले नाही." इथं अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग नोटीस वही मागवली, नवी प्रत करून दिली आणि दिवस पुढंच मोजावेत असा शेरा मारला. मी मामांच्या पाया पडायला वाकले तर ते ओरडले, "सरक, डकवू दे आधी!"

खळीत मोरचूद घाला म्हणजे जनावर तोंड लावणार नाही, असं शिंपी म्हणाला. मामा म्हणाले, "जीव जाईल की तिचा. कुणाची तरी दुभती हाय." त्याऐवजी उरलेले एकोणीस दिवस ते स्वतः बोर्डाखाली स्टूल टाकून बसले. कचेरी उघडायच्या आधी हजर, बंद झाल्यावर घरी. लोक वाचत, माना हलवत. एकजण म्हणाला, "फॉरेनचा माणूस, तिकडं एखादी बायको असंल तर?" मामांनी त्याच्यापुढं कोरा कागद धरला. "लेखी द्या. खाली सही करा." तो निघून गेला. एकोणीस दिवसांत तो कागद कोराच राहिला.

परवान्याचे तीन दिवस उरले असताना आमचं लग्न झालं. नील्सनं शपथ मराठीत घेतली, घोकलेली. आई, माझी एक मैत्रीण आणि मामा साक्षीदार. "तुम्ही मुलीचे कोण?" अधिकाऱ्यांनी मामांना विचारलं. मामांनी आधी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "भाऊच समजा." आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नांदेडला निघालो तर मामा एक लिफाफा घेऊन दारात. आत एक जुनी, पिवळी पडलेली नोटीस. वधूच्या जागी नाव, कौसाबाई. आडनाव मामांचं.

"माजी धाकटी बहीण," ते म्हणाले. "पोरगं तुमच्यातलं होतं. मास्तर." तुमच्यातलं म्हणजे आमच्यासारखं, बौद्ध. "तिनं मला म्हणलं, दादा, तुज्याच हातानं डकव. मी हाव म्हणलं आन खिशात घातली. गावात तोंड कसं दाखवू, येवढंच डोक्यात होतं. तीस दिवसांनी दोघं हार घिऊन आले, बोर्डावर कायच न्हाई. सायेबाला सांगितलं, वाऱ्यानं गेली." मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. "सायेबाला पटलं. तिला न्हाई. मी डकवलेलं वाऱ्यानं जात न्हाई, हे तिला ठावं होतं. नांदेडला जाऊन पुन्हा नोटीस दिली, लगीन केलं. वीस वरसं झाली. बोलली न्हाई."

त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू स्वच्छ होती. खळीचा एक डाग नाही.

"तिला दे," म्हणाले. "तोंडी जमत न्हाई मला."

पत्ता त्यांना पाठ होता, पण त्या घरी ते कधीच गेले नव्हते. मी गेले. कौसाबाई केस पिकलेल्या, डोळे थेट मामांचे. मी कोण, कुणाकडून आले ते सांगितलं आणि लिफाफा दिला. त्यांनी नोटीस वाचली, मग उलटी करून मागची कोरी बाजू बघितली. बराच वेळ बघितली. मास्तर काही बोलायला गेले तर त्यांनी हातानंच थांबवलं. उठून आत गेल्या. चुलीवर काहीतरी ढवळल्याचा आवाज आला. वाटीत खळ घेऊन बाहेर आल्या आणि ती नोटीस त्यांनी ओसरीच्या भिंतीवर डकवली. चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, अगदी मामांसारखा.

"त्याला सांगा, लागली म्हणावं," त्या म्हणाल्या. "तीस दिवस मुदत हाय. काय सांगायचं ते येऊन सांग म्हणावं. लेखी चालणार न्हाई."

लातूरला परत आल्यावर मी निरोप शब्दाशब्दानं दिला. मामांनी तो मला दोनदा सांगायला लावला. मग धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली आणि एसटी स्टँडकडं निघाले. पिशवी घेऊन मी मागोमाग जात होते. कोपऱ्यावरच्या भिंतीवर सिनेमाचं एक पोस्टर निम्मं सुटून वाऱ्यावर फडफडत होतं. मामा त्याच्या शेजारून सरळ पुढं गेले.