विनीच्या अंगठ्याची काच

रविवारच्या जेवणाला रस्सा वाढून झाला, सिरिल ओल्डरॉइडने सुरी उचलली, आणि तेवढ्यात छतातून एक थेंब सुटून त्याच्या लेकीच्या, जिलियनच्या, ताटात मधोमध पडला. नेम धरून मारला असता तरी इतका नेमका बसला नसता. जिलियनने वर पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. बाप बटाटा कापण्यात गढून गेला होता.

"बाबा, पाऊस पडतोय."

"बाहेर पडतोय," सिरिल म्हणाला.

"माझ्या ताटात पडतोय!"

"रस्सा जरा पातळ झाला, एवढंच. तुझी आई पातळच करायची."

हे सगळं चाललं होतं ते घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या लाकडी काचघरात. अडतीस वर्षांपूर्वी सिरिलने आणि त्याच्या बायकोने, विनीने, ते स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. गावातलं जुनं प्रार्थनाघर मोडलं तेव्हा सिरिलने तिथली बाकं ढकलगाडीवर घालून आणली आणि त्यांच्याच चौकटी केल्या. ज्या बाकांवर लहानपणी चोरून पेंगावं लागायचं, त्यांच्या सावलीत आता उजळ माथ्याने पेंगता येतं, असं तो आल्यागेल्याला सांगायचा. विनीने तिथे टोमॅटो वाढवले, जिलियनने तिथे पाढे पाठ केले. विनीला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. तिच्यामागे सिरिलने एकच बदल केला होता. छताच्या मधोमध हवेसाठी एक काचेची झडप होती. तिच्या खाली विनीची फर्नची मोठी कुंडी असायची. ती त्याने कोपऱ्यात सरकवली आणि तिथे जेवायचं टेबल आणलं. फर्नला तो रोज न चुकता पाणी घालत होता, तरी ती दिवसेंदिवस पिवळी पडत चालली होती.

जिलियनने काटा खाली ठेवला. "हे बघा, ईस्टर तीन आठवड्यांवर आलंय. त्या दिवशी मी इथेच, याच टेबलावर जेवणार. एक थेंब पडला ना, तर मंगळवारी प्लॅस्टिकच्या काचघराची माणसं बोलावणार आणि हे सगळं उतरवणार."

"अगं, प्लॅस्टिक?"

"प्लॅस्टिक! पंचाहत्तरी उलटली तुमची. दरवर्षी शिडीवर चढता. पडलात, तर मी लीड्सहून येईपर्यंत उचलणार कोण तुम्हाला?" बोलता बोलता तिचा आवाज चिरकला, आणि सिरिलच्या लक्षात आलं की पोरगी चिडलेली नाही, घाबरलेली आहे. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं, घाबरलेल्या माणसापुढे काय करणार? त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लागली तशी कुंपणापलीकडून स्टॅन्ली हेगची टोपी वर आली. स्टॅन्ली शेजारी. त्याचं काचघर प्लॅस्टिकचं होतं आणि ते त्याने सिरिलला सांगितलं नाही असा आठवडा गेला नव्हता.

"काय गड्या, पुन्हा डागडुजी? माझं बघ. ओला फडका मारला की झालं."

"म्हणूनच तुला दिवसभर कुंपणावर लोंबकळायला वेळ मिळतो," सिरिल म्हणाला.

स्टॅन्ली फाटकातून आत आला आणि शिडी धरून उभा राहिला. पुढचे तीन आठवडे तो रोज येत राहिला. आपण केवळ सिरिलच्या चुका दाखवायला येतो, असं त्याचं म्हणणं होतं.

खिडक्यांखालची एक पट्टी इतकी कुजली होती की पटाशी लोण्यात जावी तशी आत गेली. ती कापून सिरिलने नवा तुकडा सांधला. मग छताच्या काचांची जुनी लांबी खरवडायला घेतली. काच चौकटीत पक्की धरून ठेवायची ही लांबी सिरिल कधी विकत आणत नसे. खडूची पूड आणि अळशीचं तेल विनीच्या ब्रेडच्या परातीत घालून तो मळायचा, कारण विनी तशीच मळायची. तेलाचा वास उठला आणि त्याला क्षणभर वाटलं, मागून आता ती म्हणणार, "अहो, जरा जोर लावा, गोंजारताय काय तिला!" त्याने जोर लावला. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून ते तसेच राहू दिले.

छताला काचा चोवीस. त्यातल्या तेवीस सिरिलने नव्याने बसवल्या. चोविसावी म्हणजे झडपेची काच. तिच्या लांबीत एका कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता आणि ठशाशेजारी बारीकशी नांगराची खूण. फार वर्षांपूर्वी सिरिल ती काच दुरुस्त करायला निघाला, तेव्हा विनीने शिडीखालून बजावलं होतं, "त्या काचेला हात लावायचा नाही! ती माझी आहे." ठसा जरा लहान होता खरा, पण विनीचे हात लहानच होते आणि लांबी वाळताना आक्रसतेच. नांगराची खूण कसली, ते मात्र त्याला कधी उमगलं नाही. टेबल त्याने झडपेखाली का आणलं, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेताना तो वर बघून म्हणायचा, "काय विनी, बरं आहे ना?"

"ही राहिली की," खालून स्टॅन्ली म्हणाला.

"ती चांगली आहे."

"लेका, टेबलाच्या बरोब्बर वर आहे!"

"पाणी शिरतं एकीकडून आणि पडतं दुसरीकडे. तुला प्लॅस्टिकवाल्याला काय कळणार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सहा काचांची लांबी जागोजाग उकरलेली. तेल कमी पडलं असेल म्हणून सिरिलने ती पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी नऊ काचा. चौथ्या दिवशी त्याने कुंपणाशी जाऊन स्टॅन्लीला सरळच विचारलं.

"स्टॅन, खरं सांग. तू येतोस का रे सकाळी?"

"कशाला? तुझी लांबी खायला? माझ्याकडे बिस्किटं आहेत!" स्टॅन्ली इतका दुखावला गेला की त्या दिवशी चहा घ्यायचं नाकारून त्याने नुसतीच बिस्किटं खाल्ली.

पाचव्या दिवशी दोघेही उजाडताच किटली घेऊन आत दबा धरून बसले. पाच-दहा मिनिटांत छतावर टकटक सुरू झाली. निळ्या टोपीची, पिवळ्या पोटाची, मूठभरसुद्धा नसलेली सात-आठ पाखरं काचांच्या कडेला ओळीने बसून लांबी टिपत होती. विनी त्यांना निळटोपी म्हणायची. अळशीच्या तेलात मळलेली ती लांबी म्हणजे त्यांना पक्वान्नच झालं होतं.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," स्टॅन्ली म्हणाला. "हाकल की!"

"हाकलू? निळटोप्यांना?"

स्टॅन्ली वरमला. त्या गावात माणूस शेजाऱ्याशी दहा वर्षं अबोला धरील, पण पाखरावर खडा उचलणार नाही. मग त्याने दुसरा उपाय काढला. लांबीत लाल तिखट घालायचं. सिरिलने अख्खी डबी रिकामी केली. पाखरांना तिखट लागतच नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. लांबी गेलीच, वर कपाळाचा घाम पुसताना तिखटाचा हात डोळ्याला लागला आणि सिरिल अर्धा तास नळाखाली डोकं धरून ओरडत बसला. चुका दाखवायला येणारा स्टॅन्ली त्या दिवशी दुपारपर्यंत फिरकला नाही.

ईस्टर चार दिवसांवर आलं. आता उरलं होतं बुजगावणं. सिरिलने एक केरसुणी शिडीला उभी बांधली आणि तिला काय घालावं म्हणून दाराआडच्या खुंटीकडे पाहिलं. तिथे विनीचा हिरवा पावसाळी कोट होता, वर तिची गवती टोपी होती. दोन वर्षांत त्याने ते हलवले नव्हते. त्याला अगदी जिवावर आलं, पण काचघरच राहिलं नाही तर खुंटी तरी कुठे राहणार होती?

तो कोट चढवून खाली उतरतो न उतरतो, तोच पहिलं पाखरू कोटाच्या खांद्यावर येऊन बसलं. मग दोन आली. मग चार. चहा उकळेपर्यंत चौदा निळटोप्या बुजगावण्याच्या दोन्ही बाह्यांवर दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि टोपीवर एक लालछात्या बसून गात होता.

"अरे, हे बुजगावणं आहे की लग्नाचा मांडव?" स्टॅन्ली म्हणाला.

सिरिलला एकदम सगळं आठवलं. तीस वर्षं, रोज सकाळी, हाच कोट घालून विनी बाहेर पडायची आणि चरबीत मळलेल्या दाण्यांचे लाडू याच काचघराच्या वळचणीला टांगायची. ती गेल्यावर सिरिलने ते काम केलं नाही. करवलंच नाही त्याच्याने. पाखरांनी मात्र यायचं सोडलं नव्हतं. लाडू मिळत नाहीत म्हणून ती लांबीवर भागवत होती, आणि आज कोट दिसताच सगळी घराच्या दाराकडे तोंड करून बसली होती.

"दोन वर्षं झाली रे," सिरिल म्हणाला. "अजून वाट बघतायत."

स्टॅन्लीने नाक शिंकरलं आणि स्वतःच्या घरी जाऊन चरबीचा डबा घेऊन आला. दोघांनी मिळून बारा लाडू वळले आणि वळचणीला टांगले. त्या दिवशी लांबीला एकाही चोचीने हात लावला नाही. गुरुवारपर्यंत सगळ्या काचा भरून झाल्या.

ईस्टरच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. जिलियन आली, शेजारधर्म म्हणून स्टॅन्लीही जेवायला आला. कोकराचं मांस, पुदिन्याची चटणी, रस्सा, सगळं टेबलावर मांडलं गेलं, पण कुणी खाईना. तिघेही वर बघत होते. छतावर पाऊस वाजत होता आणि तेवीस काचांतून एक टिपूससुद्धा आत येत नव्हतं.

"बघितलंस?" सिरिल म्हणाला. "ठणठणीत! आता तुझ्या त्या प्लॅस्टिकवाल्यांना सांग की—"

टप. रश्श्यात.

स्टॅन्लीने सज्जनपणे पुदिन्याच्या चटणीकडे पाहायला सुरुवात केली. सिरिलचा चेहरा इतका उतरला की जिलियनलाच भरून आलं.

"बसा तुम्ही, मी बघते," ती म्हणाली आणि खुर्चीवर चढून तिने झडप उचलली. "बाबा, ही काच का नाही केली?"

"तुझ्या आईची आहे ती," सिरिल हळूच म्हणाला. "अंगठा आहे तिचा. तो कसा खरवडू?"

जिलियनचं डोकं झडपेबाहेर होतं, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. पाऊस तिच्या केसांवर पडत होता. ती म्हणाली, "बाबा, शेजारी नांगर आहे."

"आहे ना. कसला आहे, देव जाणे."

"माझ्या निळ्या कोटाच्या बटणावरचा नांगर आहे तो."

"काय?"

"चार वर्षांची होते मी. ही झडप खाली बाकड्यावर ठेवली होती. आईने मला पिवळ्या स्टुलावर उभं केलं, लांबीचा गोळा दिला आणि म्हणाली, ही एक काच तुझी. मी बटणाने नक्षी काढली." ती खाली वाकली. तिचे गाल भिजलेले होते, ते सगळंच पावसाचं पाणी नव्हतं. "आणि म्हणाली, बाबांना सांगायचं नाही. कळलं तर खरवडून पुन्हा करतील."

सिरिलने आधी वर पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पिवळ्या पडलेल्या फर्नकडे पाहिलं. पोरीची काच पहिल्याच दिवसापासून गळत होती, आणि तिच्याखाली विनीने जिवंत असेपर्यंत, छत्तीस वर्षं, ती कुंडी ठेवली होती. नवऱ्याला कळू नये म्हणून ठेवली होती, आणि त्याला खरंच कळलं नव्हतं.

"म्हणजे दोन वर्षं मी रोज सकाळी तुझ्या अंगठ्याला विचारतोय, बरं आहे ना म्हणून?" त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि मग त्यालाच हसू फुटलं.

"आणि मी तीन आठवडे शिडी धरली," स्टॅन्ली म्हणाला. "गळती कुणाची, तर तक्रार करणारीची!"

जिलियन ओशाळून खुर्चीवरून उतरली. "त्या माणसांना मी नको म्हणून सांगते."

"छे छे! थेंब पडला, शब्द म्हणजे शब्द," सिरिलला आता चेव चढला होता. "नाहीतर असं करू. उद्या ती काच खरवडतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"हात लावून तर बघा!" जिलियन इतक्या जोरात ओरडली की बाहेर कोटाच्या बाहीवरची निळटोपी भुर्रकन उडाली. "आणि शिडीवरही चढायचं नाही. दर वसंतात मी येईन, माझ्या हाताने करीन. ती एक सोडून."

तिने टेबलाचं एक टोक धरलं, स्टॅन्लीने दुसरं धरलं, आणि जेवण अंगावर न सांडता ते भिंतीशी सरकलं. मग सिरिलने एकट्याने, कुणाला हात लावू न देता, फर्नची कुंडी ओढत झडपेखाली आणली. तिघे जेवायला बसले. जेवता जेवता सिरिलने रश्श्याची चव घेतली.

"पातळ झालाय," तो म्हणाला. "असाच करायची ती."