राजपुत्रांची शाळा आणि वर्तककाका

शनिवार, १८ नोव्हेंबर २०१७, कॅल्गरी. मराठी वर्गाच्या समितीची बैठक. उपस्थित: स्मिता, नितीन आणि चिटणीस म्हणून मी. वर्तककाकांना बोलावलं नव्हतं, कारण चर्चेचा विषय खुद्द तेच होते.

काका आमच्या शनिवारच्या वर्गाचे शिक्षक. त्यांचा नियम असा: पालकांनी गाडी कोपऱ्यावर थांबवायची. तिथून दारापर्यंत मुलानं आपलं दप्तर पाठीवर घेऊन चालत यायचं. बाहेर उणे बावीस असलं तरी.

नियम जपानचा. नोकरीच्या दिवसांत काका टोकियोत राहिले, ते सरदार-उमरावांच्या मुलांसाठी काढलेल्या एका जुन्या शाळेजवळ. तिचा इतिहास त्यांना तोंडपाठ. आधी क्योटोत, दरबारी घराण्यांसाठी, मग टोकियोत. मुलं घोडागाडीतून यायची, दप्तर नोकराच्या हातात. शाळेनं दोन्ही बंद केलं, राजपुत्रालाही सूट नाही.

"राजपुत्रानंसुद्धा उचललं!" हे काकांचं पालुपद. गणपतीच्या जेवणात कुणी त्यांचं ताट उचलायला गेलं, की हेच. ग्रोसरीची पिशवी धरायला गेलं, तरी हेच. पुढे आपण न विचारता, "युद्धानंतर सरदारक्या गेल्या, शाळा सगळ्यांना उघडली. दप्तर मात्र पाठीवरच!"

"काका, टोकियोत उणे बावीस नसतं," नितीन एकदा म्हणाला.

"म्हणूनच आपल्या पोरांचा मान मोठा!"

पण तीन पालकांनी मुलं काढली. उरली पाच. "आमचा अर्णव म्हणतो, आय कान्ट फील माय फेस," स्मितानं बैठकीत सांगितलं. ठरलं: काकांना वर्गातून निरोप द्यायचा. पत्र मी लिहायचं.

आधी तोंडी सांगावं म्हणून मी पुढच्या शनिवारी अर्धा तास लवकर गेले. काका कोपऱ्यापासून दारापर्यंतचा बर्फ शोव्हल करत होते.

"हे दर शनिवारी करता?"

"अगं सुनंदा, पोरं घसरतील ना."

"मग चालवायचंच कशाला?"

काका फावड्यावर रेलले. "आमच्या मीनलला मी रोज गाडीनं थेट शाळेच्या दारात सोडायचो. उतरली की पळाली. आता तिकडे देशाच्या पूर्वेला, लव्हालहून फोन करते. 'ऑल गुड, बाबा.' संपलं. ही पोरं वर्गात इंग्रजीत उत्तरं देतात गं, पण माझ्याबरोबर इथून दारापर्यंत चालताना मराठीत बोलतात. घरचं, मनातलं."

तेवढ्यात कोपऱ्यावर स्मिताची गाडी थांबली. अर्णव दप्तर सावरत उतरला आणि धावतच आला.

"काका, आमच्या मांजरीला चार पिल्लं झाली! एक आंधळं आहे का बघायला याल?"

"सगळीच आंधळी असतात रे सुरुवातीला. चल, सांग."

दोघं दाराकडे निघाले.

त्या दिवशीच्या माझ्या यादीत पाच कामं होती. चार झाली. पत्र अजून लिहायचं आहे.