बिनपट्ट्याचं मशीन

कोलंबियातल्या काली शहरात एक होती सासू, एक होती लेक आणि एक होता जावई. सासू दोमितिला, लेक निदिया, जावई अन्सेल्मो. चौथे होते सासूचे यजमान रुपेर्तो, पण ते सात वर्षांमागे वारले. त्यांना घरात मोजायचं की नाही, ते तुम्ही शेवटी ठरवा.

रुपेर्तो होते तेव्हा दर रविवारी दुपारी अंगणात नाच व्हायचा. ते गेले आणि दोमितिलाने आपले नाचाचे लाल बूट पेटीत घालून कुलूप लावलं. आईचे पाय पुन्हा हलावेत, एवढंच निदियाला हवं होतं. अन्सेल्मोला वाटलं, दोष जुन्या रेकॉर्ड-मशीनचा. तो पास्तो शहराचा, थंड डोंगरातला. नाचता येत नव्हतं, पण यंत्रांतलं कळतं (असं त्याचं मत). त्याने नवं मशीन आणलं आणि भर दुपारी दोन्ही मशीनं अंगणात शेजारीशेजारी मांडली.

"सासूबाई, तुमच्या मशीनची थाळी रबरी पट्टा ओढतो. पट्टा सैल पडतो. माझ्यात मोटर थेट खाली."

"तुझ्यात मोटर असती तर आजवर नाचला नसतास?" निदिया म्हणाली.

"पट्टाच नाही?" दोमितिलाने वाकून पाहिलं. "मग फिरवतंय कोण?"

"मोटर."

"दिसत कशी नाही?"

अन्सेल्मोने रुपेर्तोंची आवडती तबकडी घेतली, तिच्यावर छापलेले मिनिटाचे फेरे वाचले, तेहतीस, बटण तिथे नेलं आणि सुई टेकवली.

उन्हातलं अंगण गार पडलं. विहिरीच्या तळाशी बसून कुणी बोलावं तसा जाड, ओला आवाज आला. "पेटी... उघड... लाल बूट... घाल... मी... दारात..."

मागचं दार वाऱ्याशिवाय किलकिलं झालं. अन्सेल्मोने सुई उचलली. थाळी फिरतच राहिली, पट्ट्याशिवाय, आवाजाशिवाय.

"हेच," दोमितिला हळू म्हणाली. "सर्दी झाली की यांचा आवाज असाच व्हायचा."

ती आत गेली. कुलूप वाजलं. लाल बूट घालून बाहेर आली आणि रिकाम्या दाराकडे हात पुढे केला.

"जुन्यावर लाव, जावई. हे खोळंबलेत."

त्याने तबकडी जुन्यावर ठेवली. तेच गाणं चिमणीसारखं पळू लागलं, एक शब्द कळेना. वाकून बघतो तर पट्टा मोटरच्या मोठ्या, जास्त वेगाच्या खाचेवर. म्हणजे हे घर जन्मभर ते तेहतीसचं गाणं पंचेचाळीसवर ऐकत आलेलं! खरा गाणारा आज पहिल्यांदा ऐकू आला, आणि त्याचं भूत झालं.

दोमितिला नाचत होती, एक हात हवेतल्या खांद्यावर. निदिया आजही शपथेवर सांगते, पावलं दोन नाही, चार वाजत होती.

पुढच्या रविवारी अंगण माणसांनी भरलं. अन्सेल्मोला राहवेना.

"सासूबाई, तो आवाज... त्या खाचेमुळे..."

"त्या खाचेवर पट्टा मीच चढवला, लग्नाच्या वर्षी. सगळं शहर असंच वाजवतं. हळू गाण्यावर यांना झोप यायची."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग दारात कोण होतं?"

"ते तूच यांना विचार. हे म्हणताहेत, पास्तोवाल्याला नाच मी शिकवतो."

तेव्हापासून त्या घरात दर रविवारी नाच आहे, हसू आहे, हंडाभर आंबटगोड लुलो फळाचं सरबत आहे. नवं मशीन फक्त अन्सेल्मोसाठी लागतं, तेहतीसवर, त्याच्या पायांना तेवढंच झेपतं. तो कोपऱ्यात एकटाच नाचतो, आणि सासूबाई लांबून ओरडतात,

"जावई, बघून. यांच्या पायावर पाय देतोयस."