अर्धी गोळी

केवळाबाईचे गुडघे गावाच्या कामी येऊ शकतात, हे सरपंच साहेबरावांच्या लक्षात आलं, तेव्हा गावातली शेवटची विहीर आटली होती आणि लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या कचेरीचा नियम होता : घागर भरून आणायला बाईला तासाहून जास्त लागत असेल, तर गावाला हातपंप. मोजायला साहेब येणार, त्यांच्याच घड्याळावर. चालायला बाई गावानं द्यायची.

"मावशी, तुमच्यावानी लंगडणारं गावात दुसरं कोन हाय?"

"लंगडायला आधी उठावं लागतंय, साहेबराव. चार दिस झाले, बाजेवर हाय मी."

ही अडचण खरी होती. साहेबराव औशाला गेले आणि डॉक्टरला विचारून सुजेच्या गोळ्या घेऊन आले.

"जेवून, तांब्याभर पाण्यासंगं एक घ्यायची. पन तुमी अर्धीच घ्या."

"अर्धीनं एकच गुडघा बरा व्हईल की!"

"तेच तर पायजे!"

केवळाबाईनं जन्मात काही अर्धं टाकलं नव्हतं. चार दिवस तिनं दोन्ही वेळच्या भाकरीवर अख्खी गोळी घेतली.

साहेब आले. पोट मोठं, बूट नवे. घड्याळ बघून म्हणाले, "चला, आजी."

झरा माळाच्या पलीकडं होता. पहिली दहा पावलं केवळाबाई ठरल्याप्रमाणे लंगडली. मग उतार लागला आणि वीस वर्षांनी गप्प बसलेले गुडघे तिला घेऊन सुटले.

साहेबराव मागून पळत कुजबुजले, "मावशी, लंगडा!"

ती लंगडली.

"डावा न्हाई, उजवा! काल उजवा ठरलाय!"

"ध्यानात ऱ्हात न्हाई बाबा. दोन्हीबी दुखंनात."

अर्ध्या तासात ती भरली घागर डोक्यावर घेऊन परत फिरली. साहेबरावांनी कपाळाला हात लावला. हातपंप गेला.

माळाच्या चढावर एका धोंड्यावर साहेब बसले होते. एक बूट काढलेला, दोन्ही हातांत स्वतःचा गुडघा.

"आजी, जरा थांबा. उठता येईना."

केवळाबाईनं एका हातानं घागर सावरली, दुसऱ्या हातानं साहेबांना. दर वीस पावलांवर साहेब थांबले. घड्याळ त्यांच्याच मनगटावर होतं, ते मात्र थांबलं नाही. चावडीशी पोचल्यावर त्यांनी कागदावर लिहिलं : एक तास पन्नास मिनिटं. शेरा : रस्ता अमानुष.

मग हळूच विचारलं, "आजी, तुम्ही गुडघ्याला काय घेता?"

केवळाबाईनं कनवटीची पुडी सोडली. "ही घ्या. पन जेवून. अन् तांब्याभर पानी लागतंय."

"मग द्या की पाणी."

"सही केली का?"

साहेबांनी सही केली.

जीप गेल्यावर साहेबराव घाम पुसत म्हणाले, "मावशी, बुडवलंच होतं तुमी. लंगडायचं ठरलं होतं ना?"

"लंगडलं की," केवळाबाई घागर उचलत म्हणाली. "ज्यानं लंगडायला पायजे हुतं, त्यो लंगडला."