साळूबीने जपलेलं मिंबर

एका जंगलात, बाळांनो, एक जुनी मशीद होती. किती जुनी? शेजारचा वड म्हणायचा, "मी उगवलो तेव्हा होतीच."

मशिदीत आंब्याच्या लाकडाचं नक्षीदार मिंबर होतं. मिंबर म्हणजे इमामांनी वर चढून चार शब्द सांगायच्या पायऱ्या. इमाम होते कासवचाचा. शुक्रवारी बोलायचं म्हणून ते बुधवारीच चढायला लागत. चढताना प्रत्येक पायरी ठोकून बघत. मागोमाग खारी शेपटीने कडुनिंबाचं तेल चोळत.

साळूबी साळिंदरला हे बघवत नसे. तिचा निकाह या मिंबरासमोर झाला होता. नवरा पुढे बेताचाच निघाला, पण मिंबर अजून देखणं होतं.

"चाचा, तुमच्या नखांनी नक्षी जाते हो."

"मग काय उडत जाऊ, बेटी?"

साळूबी चाळिशीची. घरात कुणी ऐकेना, म्हणून तिने समिती काढली. काढतात अशा बायका, हसू नका. समितीला जुन्या लाकडातलं जाणकार कुणीतरी हवं होतं. एकट्या वाळवीबाई पुढे आल्या. पिढ्यान्‌पिढ्या लाकडातच गेलेल्या.

"पण तुम्ही लाकूड खाता ना?" साळूबीने विचारलं.

"चाखल्याशिवाय कळतं का, ताई? तुम्ही आमटी कशी करता?"

साळूबीला पटलं.

मिंबर बघून वाळवीबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. साळूबीला वाटलं, गहिवरल्या.

"तेल बंद," त्या म्हणाल्या. "उजेड बंद. वर जाड चादर घाला. आणि ठोकाठोकी नको, लाकूड दचकतं."

कासवचाचा आता जमिनीवरून बोलू लागले. मागच्या रांगेतल्या सांबरांना वाटलं, इमाम गावाला गेले.

साळूबी रोज चादरीवरची धूळ झटकायची. आतून कुरकुर ऐकू यायची.

"लाकूड सुखावलंय," वाळवीबाई सांगायच्या. त्याही अंगाने जरा भरल्या होत्या.

ईदला साळूबीनेच हट्ट धरला. "चाचा, आज वरून बोला. एकदाच."

चादर काढली. मिंबर नव्यासारखं दिसत होतं. चाचांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि अख्खं मिंबर भसकन खाली बसलं.

साळूबी ओंजळभर भुसा घेऊन बसून राहिली. "चाचा, माझं काय चुकलं?"

"काही नाही गं," चाचा पाय झटकत म्हणाले. "तू फार जपलंस."

वाळवीबाई तोवर दाराकडे बघत होत्या. "हेही जुनं दिसतंय," त्या म्हणाल्या.

समितीने लगेच ते काम त्यांनाच दिलं. अनुभव होता ना.

तात्पर्य: आवडत्या वस्तूला कुणालाही हात लावू देऊ नये. मग ती कधी गेली, ते निदान ईदपर्यंत तरी कळत नाही.