काळूरामभाऊंचा पहिला दौरा

सत्तावीस वर्षं अलिबागच्या एका सरकारी कचेरीत बसून काळूरामभाऊंनी दुसऱ्यांचे दौरे मंजुरीला पाठवले; स्वतः सरकारी कामाने कधी मांडव्याच्या बोटधक्क्यापर्यंतही गेले नाहीत! आणि आता मुंबईहून त्यांनाच बोलावणं आलं. कागदाशिवाय दौरे कसे मंजूर करता, यावर गुरुवारी भाषण करा! भाऊ हरखून गेले. घरी बायकोने, सगुणाने, सोमवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवली.

"भाऊ, तुमच्या दौऱ्याचा अर्ज?" शेजारच्या टेबलावरून जागृतीने आठवण करून दिली.

"पोर्टलवर टाकतो गो! दोन मिनिटांचा खेळ हाय!"

पोर्टलने विचारलं, प्रवास कशाने? बस, रेल्वे की विमान? मुंबईला जायच्या बोटीचा पत्ताच नाही! पोर्टल बनवणाऱ्याने जन्मात समुद्र पाहिला नसावा. "लाँचला तिकीट, इमानालाबी तिकीट, फरक काय?" म्हणत भाऊंनी विमान निवडलं. मग पोर्टलने जवळचा विमानतळ विचारला. भाऊंनी इमानेइतबारे लिहिलं, मुंबई. जायचं कुठे? मुंबई!

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या यंत्राने भाऊंचा अंगठा नाकारला. जागृतीने पोर्टल उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"भाऊ, मुंबईहून मुंबईला निघालात म्हणून यानं तुम्हाला पोचलेलं धरलंय. दौरा कालच पूर्ण! आता अहवाल मागतंय, तोवर हजेरी बंद."

"आगो, मी इथंच हाय ना! दुसरा अर्ज टाक!"

"पहिल्याचा अहवाल दिल्याशिवाय दुसरा घेत नाही."

"मग पहिला रद्द कर!"

"पूर्ण झालेला दौरा रद्द होत नाही."

भाऊ मटकन खुर्चीत बसले. त्यांना एकदम तो इस्त्रीचा शर्ट आठवला आणि फार वाईट वाटलं.

जागृतीने गुपचूप खालचा खण ओढला. तळाशी जुन्या छापील अर्जांचा गठ्ठा होता. साहेबांनी उभ्याउभ्याच सही केली, भाऊंनी धाडकन शिक्का मारला. चहा निवायच्या आत दौरा मंजूर!

गुरुवारी भाऊ ऐटीत लाँचच्या वरच्या मजल्यावर बसले, सीगल पक्ष्यांना वेफर्स खाऊ घातले. मुंबईच्या कचेरीत फाटकावरच शिपायाने अडवलं. "मोबाईल नको दाखवू काका, कागद हाय का?"

होता!

मग भाऊंनी माईकवर तासभर ठणकावून सांगितलं, आमच्याकडे आता कागदाला कोणी हातसुद्धा लावत नाही! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. भाऊंनी एकाच हाताने नमस्कार केला. दुसरा हात खिशावर होता, कारण बाहेर पडतानाही शिपाई तोच कागद बघणार होता.